एकदाच विचारलं

मी खुनशी आहे. हे मी पश्चात्ताप म्हणून सांगत नाही, ओळख म्हणून सांगते आहे. सायकलवरून चढ चढताना कुणाला देव आठवतो, कुणाला आई आठवते. मला एक गृहस्थ आठवतात आणि पायांत आपोआप जोर येतो.

ते गृहस्थ म्हणजे आमच्या सायकल गटाचे कॅप्टन. सिंगापूरमधल्या मराठी मंडळींचा हा गट. कुणी बँकेत, कुणी इंजिनियर, माझा नवरा विद्यापीठात संशोधक, आणि मी तांजोंग पगारला एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये. रविवारी पहाटे ईस्ट कोस्टच्या समुद्राकाठी सायकली हाणायच्या आणि मग हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, बसून घालवलेलं सगळं परत पोटात घालायचं, एवढंच आमचं कार्य. कॅप्टन मोठ्या हुद्द्यावरचे बँकर. त्यांना कॅप्टन कुणी केलं हे कुणालाच आठवत नाही. त्यांची सायकल सगळ्यांत महाग आणि आवाज सगळ्यांत मोठा, तेव्हा आपोआपच झाले असावेत. गटात बाकीचे एकमेकांना नावाने हाक मारतात. मला सगळे वहिनी म्हणतात. नवऱ्याला गटात मी आणलं, गिअर कधी बदलायचा हे त्याला मी शिकवलं, तरी तो नावाचा धनी आणि मी त्याची बायको.

सिंगापूर सपाट. चढ म्हणावेत असे रस्ते इथे शोधून काढावे लागतात. एका रविवारी कॅप्टननी आम्हाला माउंट फेबरवर नेलं. नावात माउंट असलं तरी आपल्याकडे त्याला टेकाड म्हणतील, पण मला तेव्हा तेवढंही झेपलं नाही. शेवटच्या वळणाआधी मी उतरले आणि सायकल ढकलत चालायला लागले. वर कॅप्टन फोन धरून उभे होते. मला वाटलं, मेसेज बघताहेत. दुपारी गटाच्या व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. त्यात मी, लालबुंद, तोंड उघडं, सायकलवर ओणवी झालेली. खाली ओळ होती, ‘वहिनींची पदयात्रा’. त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यांतला एक चेहरा माझ्या नवऱ्याने टाकलेला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "अगं, गोड दिसत होतीस." त्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने वाढून घेतलं.

तरी मी गट सोडला नाही, कारण मला एक गोष्ट हवी होती. लग्नाआधी कंपनीने मला काही महिने इंग्लंडला, लीड्सला पाठवलं होतं. सुट्टीच्या दिवशी मी बसने यॉर्कशायर डेल्सच्या डोंगरांत जायची. चुना-सिमेंट काही न लावता नुसते दगड रचून केलेल्या भिंती, त्यांच्यामधून वर चढत जाणारा चिंचोळा रस्ता, आणि त्या रस्त्यावर सायकलवाले. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या, अंगात पिवळे रेनकोट. बस त्यांच्या मागे अडकून पडायची आणि लोक चुळबुळ करायचे. मी काचेला नाक लावून त्यांच्याकडे बघत बसायची. मला त्या बसमधून उतरायचं होतं. मग लग्न, मुलगी, सिंगापूर, तिथे कायम राहायचा परवाना, फ्लॅट. मनाने मी अजून त्या बसमध्येच बसलेली होते.

म्हणून गटात इंग्लंडच्या सायकल सहलीचा विषय निघाला तेव्हा मी रूट करायला घेतला. जेवणं उरकली की लॅपटॉप उघडून बसायची. पश्चिमेच्या समुद्राकाठून निघायचं, डेल्सचे डोंगर ओलांडायचे आणि पूर्वेच्या समुद्राला चाक लावायचं. कुठल्या गावात चहा मिळतो, कुठला रस्ता मोटारींचा आणि कुठला मेंढरांचा, कुठे गुरं अडवायला रस्त्यात लोखंडी नळ्यांची जाळी टाकलेली आहे आणि ती ओली असली की चाक घसरतं, हे सगळं मी इंग्रज सायकलवाल्यांची वर्णनं वाचून गोळा केलं. सगळ्यांत अवघड चढ तिसऱ्या दिवशी ठेवला, कारण तोपर्यंत पाय तयार होतात आणि अजून थकत नाहीत. आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे का, तर तिकडे वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा असतो. तो पाठीवर घ्यावा, एवढं त्या देशातल्या सायकलवाल्या पोरांनाही कळतं.

रूट कॅप्टनना दाखवला. ते म्हणाले, "छान आहे हं वहिनी. मला पाठवून ठेवा."

पाठवून ठेवला. थोड्याच दिवसांत गटावर घोषणा आली. ‘माझा इंग्लंड रूट फायनल केला आहे.’ तीच गावं, तेच चढ, चहाची तीच दुकानं. फक्त पूर्वेकडून पश्चिमेकडे, कारण मँचेस्टरहून परतीचं विमान पकडायला ते बरं. खाली कोण सायकल चालवणार त्यांची नावं. सर्वांत शेवटी, ‘सपोर्ट व्हॅन आणि पोटोबा: वहिनी.’ त्यावर टाळ्या. या वेळी नवऱ्याने वाचून टाळी दिली की न वाचता, हे मी विचारलंच नाही.

पुढच्या रविवारी हॉकर सेंटरमध्ये सगळे जमलेले असताना मी म्हटलं, "वारा पश्चिमेचा असतो. उलटं गेलो तर रोज तोंडावर घ्यावा लागेल."

कॅप्टननी कॉफीचा कप खाली ठेवला. "वहिनी, म्हणून तर सायकलला गिअर असतात."

सगळे हसले. एरवी मी पुन्हा सांगितलं असतं. आपल्याकडे शेजाऱ्याचं दूध उतू जाताना दिसलं तरी आपण दारात उभं राहून चारदा ओरडतो. त्या दिवशी मी गप्प बसले आणि समोरचा टोस्ट संपवला. यांची जिरवायची, हे माझं तिथेच ठरलं.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, "व्हॅन तू चालवशील. मी सायकल चालवणार."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "तसा मला गुडघा आहेच."

"गुडघा सगळ्यांनाच असतो. तुझा दुखतो, असं गटावर लिही."

त्याने लिहिलं. माणूस भला आहे. कॅप्टनचं उत्तर आलं, ‘काळजी घे. पण मग पोह्यांचं काय?’ मी लिहिलं, ‘हे करतील.’ माझ्या नवऱ्याचे पोहे म्हणजे नुसता गिचका, हे गटातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मग मी सरावाला लागले. विद्यापीठाच्या मागून साउथ बोना व्हिस्टाचा वळणावळणांचा रस्ता चढतो. उजाडायच्या आत तिथे जायची. ज्या दिवशी ऑफिसमुळे जमायचं नाही त्या दिवशी आमच्या ब्लॉकशेजारच्या बहुमजली कारपार्कचा रॅम्प. खालून वर, वरून खाली, पुन्हा खालून वर. तिथे एक चिनी अंकल रोज आपली टॅक्सी पुसत असायचे. काही दिवस नुसतं बघून शेवटी त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि बोट दाखवून म्हणाले, "आंटी, लिफ्ट हॅव, लाह." मी म्हटलं, "आय नो, अंकल." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा काच पुसायला लागले. मुलीला ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "आई, यू सो अँग्री फॉर वॉट? जस्ट सायकल, लाह." तिला काय सांगणार? प्रत्येक मजल्याच्या वळणावर मला तो व्हिडिओ दिसायचा आणि मी एक गिअर कमी न करता वर जायची. राग हे फार स्वस्त इंधन आहे.

इंग्लंडला पोचलो त्या संध्याकाळी आमचा मुक्काम पूर्व किनाऱ्याजवळच्या एका शेतघरात होता. मालकीण सत्तरीची, गालांवर ऊन-वाऱ्याचे डाग, बोलणं मोजकं. आम्ही दिवसभराच्या प्रवासाने भुकेजलेले. तिने टेबलावर मोठी किटली आणली, ताज्या स्कोनची, म्हणजे गोडसर पावांची, परात आणली. आधी कॅप्टनना विचारलं, "टी?"

"नो नो, वी आर फाइन," कॅप्टन म्हणाले.

ही अस्सल आपली रीत. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. मग यजमानाने अहो घ्या हो म्हणायचं, आपण खरंच नको म्हणायचं, तिसऱ्यांदा त्याने थोडं तरी म्हटलं की पाहुणा ताट पुढे करतो. आग्रहाशिवाय खाल्लं तर हावरा म्हणतात, आणि आग्रहाशिवाय वाढलं तर घराला नावं ठेवतात. सिंगापूरच्या आमच्या फ्लॅटांमधूनसुद्धा हे अजून शाबूत आहे. कॅप्टनच्या पाठोपाठ सगळ्यांनी नो नो म्हटलं आणि ते वाट बघत बसले. त्या बाईने "राइट," म्हटलं आणि किटली उचलली.

मी घाईने म्हणाले, "येस प्लीज. अँड टू स्कोन्स." लीड्सला असताना पहिल्या आठवड्यात मी अशीच उपाशी राहिले होते, ते पुन्हा होणार नव्हतं. तिने मला चहा दिला, दोन स्कोन दिले, लोणी दिलं आणि उरलेली परात आत नेली. सगळा गट माझ्या बशीकडे बघत होता. कॅप्टन तर स्कोनचा मार्ग बशीपासून तोंडापर्यंत डोळ्यांनी मोजत होते. मी सावकाश खाल्लं. खाता खाता माझ्या लक्षात आलं की या बाईने काहीही वाईट केलेलं नाही. तिने विचारलं, त्यांनी नको म्हटलं, तिने मानलं. कुणी तिला बोल लावू शकत नाही. मला फार आनंद झाला.

वारा पहिल्या दिवसापासून समोरून आला. नुसता वारा नाही, त्यात बारीक पाऊस, आणि दोन्ही बाजूंच्या दगडी भिंतींमधून तो पन्हळीतून यावा तसा थेट छातीवर. उतारावरसुद्धा पायडल मारावं लागत होतं. मंडळी संध्याकाळी व्हॅनला टेकून बसायची आणि हवेला शिव्या घालायची. कॅप्टन सांगायचे, "हे अनसीझनल आहे." मी कपडे वाळत घालायची. मी काही लोखंडाची नव्हते, दमणूक मलाही होत होती. फरक एवढाच, मला वारा अपेक्षित होता.

तिसऱ्या दिवशी मोठा चढ, आता दुसऱ्या बाजूने. सकाळी न्याहारीला दुसऱ्या एका मालकिणीने कॅप्टनना विचारलं, आणखी टोस्ट आणू? अंडी? ते नो नो म्हणाले. सवय अशी दोन दिवसांत जात नाही. सॉसेज त्यांना चालत नव्हतं, ते त्यांनी बाजूला सारलं, आणि अर्ध्या पोटी, सगळ्यांच्या पुढे, वेगात निघून गेले. त्यांना वर पोचून आमचे व्हिडिओ काढायचे होते.

गाव संपलं की रस्ता एकदम उभा राहतो. पाटी आहे, वीस टक्के चढाची. पहिल्या वळणावर मी सगळ्यांत खालच्या गिअरला आले आणि तिथून पुढे नुसतं कारपार्क. एक मजला, दुसरा मजला. मेंढ्या भिंतीवरून बघत होत्या. मांड्या पेटल्या होत्या, पण श्वास शाबूत होता. आमच्यातले दोघे उतरून ढकलत होते. त्यांना मागे टाकताना मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही, माझं त्यांच्याशी काही भांडण नव्हतं.

अर्ध्या चढावर, एका फाटकापाशी, कॅप्टन बसलेले होते. सायकल भिंतीला टेकवलेली, हेल्मेट गवतात, चेहरा पांढरा. बाटलीचं झाकण त्यांना लागत नव्हतं. आजार नव्हता, भूक होती. पोटात काही नसताना चढावर जोर केला की अंगातलं सगळं तेल एकदम संपतं, हे सायकल चालवणाऱ्या कुणालाही बघितल्याबरोबर कळतं. व्हॅन घेऊन नवरा मागून येत होता, पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर. हे मला ठाऊक होतं, म्हणून मी जे केलं ते केलं. ठाऊक नसतं तर काय केलं असतं, याचा विचार मी मुद्दाम करत नाही.

मी एक पाय टेकवला. हँडलच्या पिशवीतून डबा काढला. शेंगदाण्याचे लाडू, निघायच्या आदल्या दिवशी लिटिल इंडियातून दाणे आणि गूळ आणून केलेले. झाकण उघडलं. वाऱ्यातसुद्धा गुळाचा वास आला. त्यांची नजर डब्यावर.

"लाडू देऊ का?" मी विचारलं.

"नको नको वहिनी," ते म्हणाले. "मी ठीक आहे. तुम्ही व्हा पुढे."

आणि वाट बघत राहिले. त्यांचा हात मांडीवरून थोडासा उचललाही गेला होता. माझ्या आईने, माझ्या सासूने, माझ्या सात पिढ्यांनी मला शिकवलेलं ‘अहो घ्या हो’ माझ्या जिभेच्या टोकाशी आलं. मी ते गिळलं.

"बरं," मी म्हटलं. झाकण लावलं. डबा पिशवीत ठेवला आणि निघाले.

त्यानंतरचा चढ मला फारसा आठवत नाही. मी गात होते, एवढं आठवतं.

माथ्यावर कुणी नव्हतं. एक दगडांचा ढीग, एक लोखंडी जाळी, आणि दोन्ही बाजूंना खाली उतरत गेलेल्या भिंतींच्या रेघा. लीड्सच्या बसमधून मी हे बघितलं होतं, पण काचेतून. मी सायकल गवतात टाकली आणि दोन लाडू एकापाठोपाठ खाल्ले. पोराबाळांना सांगण्यासारखा आनंद नव्हता तो. निखळ होता, पण सांगण्यासारखा नव्हता.

थोड्या वेळाने व्हॅन वर आली. मागे कॅप्टनची सायकल आडवी, पुढे नवऱ्याशेजारी कॅप्टन, आणि त्यांच्या मांडीवर पोह्यांचं पातेलं. माझी व्हॅन, माझी जागा, माझा पोटोबा. मी फोन काढला आणि ते खाली उतरेपर्यंत सगळं टिपलं. उतरताना हनुवटीला पोह्याचा दाणा होता. तिथे नेटवर्क नव्हतं म्हणून व्हिडिओ गटावर गेला नाही, आणि नेटवर्क आल्यावर मी पाठवला नाही. त्यांनी मला काढताना पाहिलं होतं. तेवढं पुरे होतं. तो व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "दोनदा नको म्हणाले. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा घेतले. अख्खं पातेलं संपवलं गं." मग म्हणाला, "तू विचारलं नव्हतंस का?"

"विचारलं होतं," मी म्हटलं.

सिंगापूरला परतल्यावर कॅप्टनच्या काँडोत, स्विमिंग पूलशेजारच्या हॉलमध्ये, सगळे जेवायला जमलो. मी पुन्हा लाडू करून नेले होते. कॅप्टननी प्रोजेक्टरने भिंतीवर फोटो लावले आणि सहलीची गोष्ट सांगितली. त्यात वारा अनसीझनल होता, आणि मोठ्या चढावर त्यांच्या पोटरीत गोळा आला म्हणून नाइलाजाने व्हॅन घ्यावी लागली. तो चढ सायकलवरून न उतरता कोण कोण चढलं, हा विषय आला नाही. मी नवऱ्याकडे बघितलं, तो भातात बघत होता.

मग कॅप्टन माझ्याकडे वळले. सगळ्यांसमोर, स्वच्छ आवाजात म्हणाले, "वहिनी, पुढच्या वर्षीचा रूट तुम्ही करता का? तुमच्या नावाने."

मला हेच हवं होतं. बाकी काही नको होतं, नुसतं हेच. त्या आनंदाच्या गडबडीत तोंड आपल्या सवयीने उघडलं.

"नको हो," मी म्हणाले. "माझं काय एवढं."

कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं. मग डब्याकडे पाहिलं. त्यातला एक लाडू उचलला.

"बरं," ते म्हणाले.

आणि त्यांनी पुढची स्लाइड लावली. इतक्या वर्षांत तो माणूस मला पहिल्यांदाच हुशार वाटला. रागाने माझे कान तापले. कुणीतरी म्हणेल, अहो वहिनी करा हो, म्हणून मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. सगळे भिंतीकडे बघत होते.

भिंतीवर पुढच्या वर्षीचा रूट आला होता, तयारच होता. डेव्हनच्या टेकड्यांमधून, खाली-वर, खाली-वर, थेट इंग्लंडच्या पश्चिम टोकापर्यंत. रोज सकाळी निघायचं आणि रोज पश्चिमेकडे तोंड करून जायचं. आठवडाभर.

नवऱ्याने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. "वाऱ्याचं सांग ना," तो हळूच म्हणाला. मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्याने पुन्हा पाय लावला. "अगं, सांग की."

कॅप्टन विचारत होते, कोण कोण येणार. मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. वारा माझ्याही तोंडावर येणार आहे. येऊ दे.